पनामा कालवा : लढाईने काढलेली वाट

आम्ही कापडाचे व्यापारी. गिऱ्हाईक मीटरचा दर विचारते, पण त्या दरात भाडे किती मुरले आहे हे कोणी विचारत नाही. माल ज्या वाटेने फिरतो ती वाट कोणी व कशासाठी काढली, हे जाणणे व्यापाऱ्याच्या फायद्याचे आहे. पनामा कालव्याचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

१८९८ साली अमेरिका व स्पेन यांच्यात युद्ध पेटले. अमेरिकेची 'ओरेगॉन' युद्धनौका पश्चिम किनाऱ्यावर होती आणि लढाई पूर्वेकडे, क्युबापाशी. सॅन फ्रान्सिस्कोहून निघून सारी दक्षिण अमेरिका वळसा घालून येण्यात तिचे दोन महिन्यांहून अधिक गेले. मंठ्याहून जालन्याला नांदेडमार्गे जावे, तसाच हा प्रकार!

त्याच वर्षी डिसेंबरात पॅरिसचा तह झाला. प्वेर्तो रिको, ग्वाम व फिलिपाईन्स अमेरिकेकडे आले. हवाई बेटेही १८९८ मध्येच ताब्यात आली. मुलूख दोन महासागरांत पसरला, पण आरमाराला जवळची वाट नव्हती. त्यामुळे कालव्याची जुनी कल्पना आता निकडीची झाली.

पनामात फ्रेंच कंपनीने १८८१ पासून खोदकाम केले होते. रोगराई व दिवाळखोरीने ते बुडाले. पनामा तेव्हा कोलंबियाचा प्रांत होता. १९०३ मध्ये कोलंबियाच्या सिनेटने अमेरिकेचा करार फेटाळला. नोव्हेंबरात अमेरिकेच्या पाठबळाने पनामा स्वतंत्र झाला आणि पंधरवड्यात करारही झाला. १ कोटी डॉलर रोख व दरसाल अडीच लाख, असा तो सौदा होता. डासांचा बंदोबस्त करून, कॅरिबियन बेटांवरील हजारो मजुरांच्या मेहनतीवर सुमारे ८० किलोमीटरचा कालवा १५ ऑगस्ट १९१४ रोजी खुला झाला. अमेरिकी काळातही सुमारे ५,६०० जीव गेले.

निकड आरमाराची होती. पुढे लाभ व्यापाराला झाला. १९९९ अखेर कालवा पनामाच्या हाती आला. मात्र जहाजे गोड्या तलावाच्या पाण्यावर सुमारे २६ मीटर उचलली जातात. २०२३ मध्ये पाऊस कमी पडला, तेव्हा रोजच्या जहाजांची संख्या घटवावी लागली व खोळंबा झाला. दुष्काळात धंदा कसा थांबतो, हे मराठवाड्याला सांगायला नको.

म्हणून परदेशी मालाचा सौदा करताना बांधवांनी दराबरोबर वाटही विचारावी, आणि भाडे वाढल्यास ते कोणी सोसायचे हे आधीच कागदावर घ्यावे.