डावे रेणू, उजवे रेणू

डाव्या हाताचा हातमोजा उजव्या हातात चढवून पाहा. बोटे तितकीच, माप तेच, तरी तो नीट बसत नाही. आपले हात एकमेकांच्या आरशातील प्रतिमा आहेत ना! पुष्कळ रेणूंचेही असेच असते. कार्व्होन या रेणूचे एक रूप पुदिन्याला वास देते. त्याची आरशातील प्रतिमा शेपूच्या बियांना. अणू तेच, पण आपले नाक फरक ओळखते.

शरीरही ओळखते. अपस्माराचे झटके आवरणाऱ्या लेव्हेटिरासिटाम या औषधाचे डावे रूपच गुणकारी आहे. साध्या रासायनिक क्रियेने मात्र दोन्ही रूपे निम्मी-निम्मी तयार होतात. रोग्याला निम्मा निरुपयोगी पदार्थ का द्यायचा?

पण ती वेगळी कशी करायची? दोन्ही एकाच तापमानाला वितळतात, पाण्यात सारखीच विरघळतात. १८४८ मध्ये लुई पाश्चर यांनी टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे डावे-उजवे स्फटिक हाताने निवडून वेगळे केले. टनावारी औषध असे कोण निवडणार?

येथे वर्णलेखन, म्हणजेच क्रोमॅटोग्राफी, कामी येते. नळीत बारीक कण ठासून भरतात. कणांवर सेल्युलोजपासून केलेल्या पदार्थाचा लेप असतो. सेल्युलोज स्वतःच 'एकहाती' असल्याने हा लेप एका रूपाला जास्त धरून ठेवतो. द्रावकाबरोबर मिश्रण सोडले की एक रूप पुढे जाते, दुसरे रेंगाळते. पण प्रत्येक खेपेला थोडेच मिश्रण घालता येते आणि द्रावक फार लागतो.

यावर युक्ती अशी. मागे सरकणाऱ्या पट्ट्यावर दोन मुले पुढे धावत आहेत, असे समजा. एकाचा वेग पट्ट्याहून जास्त, दुसऱ्याचा कमी. पहिला पुढच्या टोकाला पोचेल, दुसरा मागच्या! मध्यभागी नव्या जोड्या सोडत राहा. त्या आपोआप फुटतील.

नळीतील कण असे सरकवले तर झिजतील. म्हणून कण जागीच ठेवून अनेक नळ्या कड्यासारख्या जोडतात. मिश्रण आत घेण्याची व माल काढण्याची तोंडे ठरावीक वेळाने प्रवाहाच्या दिशेने एकेक नळी पुढे नेतात. तोंडांच्या दृष्टीने पाहिले, तर कणच मागे सरकतात! काम अखंड चालते, द्रावक वाचतो. १९६१ मध्ये अमेरिकेत या पद्धतीचे पेटंट मिळाले. आधी ती खनिज तेलाच्या व साखरेच्या उद्योगांत रुळली. १९९० नंतर औषधांसाठीही वापरली जाऊ लागली.

आणि नको असलेले रूप? काही औषधांच्या बाबतीत त्याचे पुन्हा निम्मे-निम्मे मिश्रण करता येते. ते परत यंत्रात! पाश्चर यांचा चिमटा आता असा अखंड फिरतो आहे.