दिवा विझतो, गळती राहते

अमेरिकेत शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींची पहिली गाडी बहुधा जुनीच असते. ती घेतल्यावर कधीतरी डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. हाच तो ‘चेक इंजिन’. गाडी मात्र ठणठणीत चालते. पिकअप आहे, मिसिंग नाही, ॲव्हरेजही पूर्वीइतकंच. गॅरेजला न्यावी तर तोवर दिवा विझलेला असतो आणि हवा पालटली की पुन्हा हजर होतो. कुणी सांगतं, सेन्सर गेला असेल, दुर्लक्ष कर. कुणी बॅटरीची तार काढून दिवा घालवून देतं. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. असा येता-जाता दिवा बऱ्याचदा इंजिनाबद्दल नसतोच. टाकीतली पेट्रोलची वाफ कुठून तरी निसटते आहे किंवा तिची वाट अडली आहे, हे तो सांगत असतो.

एक भेद आधी लक्षात ठेवावा. दिवा लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग करतंय आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळण्याचा धोका आहे. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन थांबवावी. वाफेच्या दोषात दिवा स्थिर असतो, त्यामुळे शांतपणे शोध घ्यायला वेळ मिळतो.

वाफ अडवायची कशाला?

पेट्रोल उभ्या गाडीतही उडत राहतं. लॉस एंजेलिस शहरावर दाटणाऱ्या, डोळे चुरचुरवणाऱ्या धुरक्याचं मूळ कॅलटेकमधले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या सुमारास उलगडलं. हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. पेट्रोलची वाफ म्हणजे हायड्रोकार्बनच. त्यामुळे कॅलिफोर्नियात १९७० च्या आणि पुढे सगळ्या अमेरिकेत १९७१ च्या मॉडेलपासून ही वाफ गाडीतच अडवणं सक्तीचं झालं.

यंत्रणा साधी आहे. टाकीतली वाफ कॅनिस्टर नावाच्या डब्यात जाते आणि त्यातला सक्रिय कोळसा ती धरून ठेवतो. इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि साठलेली वाफ इंजिनात ओढली जाऊन जळते. बाहेरची ताजी हवा कॅनिस्टरमध्ये घेण्यासाठी दुसरा, व्हेंट व्हॉल्व्ह असतो. १९९६ पासून अमेरिकेत ओबीडी-२ म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखण्याची व्यवस्था सक्तीची झाली आणि गळती शोधण्याचं काम गाडीच्या संगणकाकडे आलं. आधी साधारण १ मिलिमीटर व्यासाचं भोक त्याला ओळखावं लागे. २००० च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्याने ही मर्यादा अर्ध्या मिलिमीटरवर आली.

दिवा येतो-जातो का?

संगणक दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून टाकीतला दाब टिकतो का ते पाहतो. ही चाचणी रोज होत नाही. बहुतेक गाड्यांत इंजिन थंड असावं लागतं, टाकी पार रिकामी किंवा काठोकाठ भरलेली चालत नाही आणि बाहेरचं तापमानही ठरावीक मर्यादेत असावं लागतं. काही गाड्या तर बंद करून उभ्या केल्यावर काही तासांनी स्वतःची चाचणी घेतात. टाकी कायम भरलेली ठेवणाऱ्याच्या गाडीत चाचणी अनेक दिवस होतच नाही.

शिवाय एकदा नापास झाल्यावर सहसा दिवा लागत नाही. दोषाचा कोड ‘पेंडिंग’ म्हणून संगणकात नोंदला जातो आणि लगेच पुढच्या चाचणीतही नापास झाल्यावरच दिवा लागतो. त्यानंतर सलग तीन फेऱ्यांत चाचणी पास झाली की तो विझतो. कोड मात्र त्यानंतरही बराच काळ स्मृतीत राहतो.

दोषही स्थिर नसतो. झाकणाचं रबरी पॅकिंग थंडीत आकसतं, उन्हात फुलून बसतं. व्हॉल्व्ह एखाद्या वेळी नीट मिटतो, एखाद्या वेळी अडकतो. अधूनमधून होणारी चाचणी आणि अधूनमधून उमटणारा दोष यांची गाठ पडेल तेव्हाच दिवा लागतो.

शोध कसा घ्यावा?

आधी स्कॅनर लावून कोड वाचावा, पुसू नये. पी०४५५ म्हणजे मोठी गळती, पी०४४२ म्हणजे छोटी, पी०४५६ म्हणजे अतिसूक्ष्म. पी०४४१ पर्जच्या प्रवाहाबद्दल, पी०४४६ व्हेंटच्या नियंत्रणाबद्दल. त्यासोबत ‘फ्रीझ फ्रेम’ची नोंद पाहावी. कोड उमटला त्या क्षणी इंजिनाचं तापमान आणि वेग काय होता, काही गाड्यांत टाकीत पेट्रोल किती होतं, हे तिथे मिळतं. कोड पुसला की हा पुरावाही जातो.

मग पेट्रोलचं झाकण. पॅकिंगला भेग आहे का, तोंडाची कडा गंजली आहे का, ते पाहावं. कंपनीच्या मापाचं झाकण ‘टक्’ आवाज येईपर्यंत घट्ट बसवावं.

त्यानंतर पर्ज व्हॉल्व्ह. पेट्रोल भरल्यावर गाडी चटकन स्टार्ट होत नसेल, तर संशय त्याच्यावर घ्यावा. इंजिन आयडलिंगवर ठेवून व्हॉल्व्हचा विजेचा कनेक्टर आणि कॅनिस्टरकडून येणारा पाइप काढावा आणि व्हॉल्व्हच्या मोकळ्या तोंडावर बोट ठेवावं. बहुतेक गाड्यांत वीज नसताना हा व्हॉल्व्ह बंद असतो. तरीही ओढ जाणवली, तर तो मिटत नाही. हे काम उघड्यावर आणि ठिणगीपासून दूर करावं.

पंपावर पेट्रोल भरताना नळी पुन्हा पुन्हा आपोआप बंद पडत असेल, तर व्हेंटची वाट तुंबली असावी. तिथे चिखल, धूळ, अगदी कोळ्याचं जाळंही सापडतं. २०११ मध्ये माझदा कंपनीने उत्तर अमेरिकेतल्या सुमारे ६५,००० माझदा-६ गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या. पिवळ्या रंगाचे कोळी व्हेंटच्या नळीत जाळं विणत होते. हवा आत येईनाशी झाली, की टाकीत ऋण दाब वाढून तिला तडा जाण्याचा धोका होता.

एवढं करूनही गळती सापडली नाही, तर स्मोक टेस्ट. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतो, तसा इथे अगदी कमी दाबाने धूर सोडून तो कुठून निघतो ते पाहतात. घरी कॉम्प्रेसरने टाकीत हवा भरण्याचा प्रयोग मात्र कुणीही करू नये. पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं मिश्रण स्फोटक असतं.

प्रदूषण तपासणीच्या आदल्या दिवशी कोड पुसून सुटका होत नाही. कॅलिफोर्नियाच्या ‘स्मॉग चेक’मध्ये दिवा लागलेला असेल तर गाडी नापास होते आणि नुकताच पुसला असेल तरी अपुऱ्या राहिलेल्या चाचण्यांवरून ते कळतं.

आपल्या पंपावर

महाराष्ट्रातल्या पेट्रोल गाड्यांतही कॅनिस्टर आणि पर्ज व्हॉल्व्ह असतात. मात्र आपले निकष युरोपच्या वळणाचे आहेत. अमेरिकेसारखी बारीक गळती गाडीने स्वतः शोधण्याची सक्ती त्यांत नाही. पीयूसीत सायलेन्सरमधून येणारा वायू तपासतात, टाकीची वाफ नाही. त्यामुळे इथे दिवा न लागताही वाफ निसटत राहू शकते आणि म्हणून आपल्या सवयींना अधिक महत्त्व आहे. नळीचा ऑटो कट झाल्यावर ‘राउंड फिगर करा’ म्हणून आणखी पेट्रोल भरून घेणं सोडायला हवं. हे जादा पेट्रोल द्रवरूपात कॅनिस्टरमध्ये उतरलं, की कोळसा भिजून निकामी होतो. दहा-वीस रुपयांच्या हिशेबापायी महागडा भाग बदलावा लागतो.

सायलेन्सरचा काळा धूर दिसतो, म्हणून आपण तो गंभीरपणे घेतो. वाफ दिसत नाही, पण श्वासात तीही उतरते. म्हणून पिवळा दिवा लागला की गॅरेजला दोन प्रश्न विचारावेत: कोड कोणता आहे आणि तो कुठल्या परिस्थितीत नोंदला गेला? यांची उत्तरं मिळेपर्यंत एकही पार्ट बदलू देऊ नये. आणि ती मिळाल्यावर, दिवा विझला असला तरी, दुरुस्ती टाळू नये.