पडताळणी हवीच, पण रीतसर

मीरा रोडच्या नया नगरमध्ये आज स्वतःचे घर असलेली आमच्यासारखी बहुतेक कुटुंबे मूळची इथली नाहीत. कुणी कोकणातून आले, कुणी उत्तर प्रदेशातून. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतल्या जुन्या वस्त्या सोडून अनेकांनी इकडची वाट धरली. आता आम्ही घरमालक आहोत, सोसायटीच्या कमिटीवर आहोत. नव्याने आलेल्यांच्या पडताळणीचा विषय निघाला की आमच्यातलेच काही जण म्हणतात, "कागद नसेल त्याला हाकला." असे म्हणण्याआधी थोडा विचार व्हायला हवा.

जून 2025 मध्ये मीरा रोड परिसरात गवंडीकाम करणाऱ्या मुर्शिदाबादच्या एका मजुराला बांगलादेशी असल्याच्या संशयावरून ताब्यात घेतले गेले. घरच्यांनी गावाहून कागदपत्रे पाठवली. तरीही त्याला सीमेपलीकडे ढकलण्यात आले. पश्चिम बंगाल सरकारने पाठपुरावा केल्यावर तो परत आला. तो भारतीयच होता.

आधार कार्ड हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे 2016 च्या आधार कायद्यातच लिहिलेले आहे. म्हणून पोलिसांनी आणखी पुरावा मागणे चूक नाही. पण तो कोणता आणि किती दिवसांत द्यायचा, हे स्पष्ट असायला नको का? 1 जुलै 1987 पूर्वी प्रजासत्ताक भारतात जन्मलेली व्यक्ती, मोजके अपवाद सोडता, जन्मानेच नागरिक ठरते. मात्र त्या काळात कितीतरी बाळंतपणे घरीच झाली आणि नोंद राहून गेली. अशा माणसाने जन्मदाखला आणायचा कुठून?

सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये आसामच्या एका प्रकरणात दिलेला निकाल इथे मोलाचा आहे. स्वतःचे नागरिकत्व सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने त्या व्यक्तीवरच टाकली आहे. तरी आधी सरकारी यंत्रणेकडे संशयाला काही ठोस आधार हवा, असे न्यायालयाने सांगितले. नावाच्या स्पेलिंगमधल्या किरकोळ फरकावरून कुणाला परकीय ठरवता येणार नाही, हेही स्पष्ट केले.

आमचे म्हणणे एवढेच आहे: संशयाचे कारण लेखी द्यावे. बंगाली बोलणे हे कारण होऊ नये, ती आपल्याच देशाची भाषा आहे. मूळ जिल्ह्याकडून नोंदी मागवाव्यात आणि उत्तर येईपर्यंत कुणालाही सीमेवर नेऊ नये. घरच्यांना कळवावे, वकील मिळू द्यावा. खोटे दाखले विकणाऱ्या दलालांवर मात्र कडक कारवाई व्हावी, कारण त्यांच्यामुळे खऱ्या दाखल्यांवरही शंका घेतली जाते.

घरमालक म्हणून आपणही भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात वेळेवर द्यावी आणि पोच जपून ठेवावी. ती पोच अडचणीत भाडेकरूच्याही कामी येते.

आणि आपल्या घरातले कागद? 'शेख'चे इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर वेगळे, असे कितीतरी घरांत आढळते. मुलांच्या जन्मदाखल्यावर नाव घातले आहे का, ते पाहा. एक वर्षाहून जास्त उशीर झालेल्या जन्मनोंदणीला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, तेव्हा टाळाटाळ नको. लग्नानंतर मुलीचे नाव बदलले असेल, तर दोन्ही नावे जोडणारा विवाह नोंदणीचा दाखला करून घ्या. आईवडिलांचे शाळा सोडल्याचे दाखले, जुना सातबारा, जुन्या मतदारयादीतली नोंद एका फाइलमध्ये ठेवा.

आपण इथे आलो तेव्हा कुणीतरी आपल्याला भाड्याने खोली दिली होती. आज दार आपल्या हातात आहे. येणाऱ्याची चौकशी जरूर करू, पण त्याचे म्हणणे ऐकून घेऊन.