कुऱ्ह्याची अर्धी यादी

सकाळी ७.३०

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात अकोल्यात कामाला लवकर बसावं लागतं. दहानंतर ऊन खोलीत शिरतं आणि कूलर नुसती गरम हवा फिरवत राहतो. त्यातून मृगाच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रांची शटरं आठच्या आत वर जातात. आमचं पीएचपीतलं बिलिंगचं सॉफ्टवेअर अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतल्या अशाच दुकानांत चालतं. बियाणं, खतं, औषधं, साठा, उधारी, सगळं त्यात. इतर महिन्यांत दुकानदार एखादी अडचण दोन दिवस चालवून घेतो. पेरणीच्या आठवड्यात समोर माणसं उभी असतात, त्यातल्या कोणाला परतीची एसटी गाठायची असते.

म्हणून पहिलं काम रात्रीचा लॉग वाचणं. सर्व्हरवर टेल लावून एरर लॉग उघडा ठेवतो आणि कालपासूनच्या ओळी वर सरकवत जातो. आमच्याकडे एक नियम कडक आहे: लॉगमधला एकही इशारा ‘राहू दे, चालतंय’ म्हणून सोडायचा नाही. किरकोळ इशाऱ्यांची गर्दी झाली की खरी चूक त्यात बुडते. पीएचपीच्या ८व्या आवृत्तीने इथे चांगलं केलं. कुठेच न ठरवलेला व्हेरिएबल वापरला तर पूर्वी नुसती नोटीस यायची, आता वॉर्निंग येते.

आज लॉग स्वच्छ आहे. तरी फोन वाजतो. तिवसा तालुक्यातले दुकानदार आहेत.

“भाऊ, कुऱ्ह्याच्या यादीत अर्धेच लोक दिसून राह्यले. बाकीचे कुठी गेले?”

“पाहतो दादा. तुम्ही सध्या नावानंच शोधा, गावाची यादी वापरू नका.”

कुऱ्हा त्यांच्या गिऱ्हाइकीचं मोठं गाव. नवी उधारी द्यायच्या आधी गावनिहाय थकबाकी काढायची, ही या धंद्याची रीत आहे. माल आता घ्यायचा आणि पैसे कापूस-सोयाबीन विकल्यावर द्यायचे, यावरच इथली पेरणी चालते. यादी अर्धी आली, तर ज्याने मागचे पैसे भरले त्याचा भरणाही दिसत नाही आणि ज्याचे राहिले त्याचं देणंही दिसत नाही.

मला अशाच चुकीची जास्त धास्ती वाटते. प्रोग्राम कोसळला तर तो स्वतःच बोंब मारतो. हा मात्र शांतपणे, नीट आखलेल्या रकान्यांत, अपुरं उत्तर देतोय, आणि दुकानदाराच्या लक्षात आलं नसतं तर हंगामभर देत राहिला असता.

सकाळी ९.००

चहा टेबलावर आणि पडद्यावर काळी खिडकी. आता कोडमध्ये शोध.

बाहेरच्यांना वाटतं, प्रोग्रामर दिवसभर लिहितो. खरं तर तो दिवसभर शोधतो. लिहिणं थोडं असतं, आणि तेही शोध नीट झाल्यावर. ग्रेप ही शोधाची आज्ञा केन थॉम्पसन यांनी १९७३ च्या सुमारास युनिक्ससाठी लिहिली. आम्ही वापरतो ती तिच्याच वळणाची रिपग्रेप, अँड्र्यू गॅलंट यांनी २०१६ मध्ये लोकांसाठी खुली केलेली. कंपोझरने आणून ठेवलेल्या लायब्रऱ्यांचं ढीगभर कोड वगळून ती फक्त आमच्या फायली चाळते, कारण गिटने दुर्लक्षित केलेल्या फायली ती आपणहून सोडते.

आमच्या कोडमध्ये गावाला अनेक नावं आहेत. कुणी इंग्रजीत ‘व्हिलेज’ लिहिलंय, कुणी रोमन अक्षरांत ‘गाव’, कुणी त्यातला एक ‘ए’ गाळून. काम अनेकांच्या हातून गेलं की असं होतंच. तिन्ही रूपं एका नमुन्यात घालून शोध मारतो. एडिटरमधलं ‘व्याख्येकडे जा’ सोयीचं असतं, पण पीएचपीत फंक्शनचं नाव मजकुरातून बनवूनही बोलावता येतं आणि अशी जागा एडिटरला बहुधा दिसत नाही. साधा मजकूर-शोध ती दाखवतो. नव्या मुलामुलींना फ्रेमवर्क शिकायची घाई असते. मी आधी त्यांना शोधायला शिकवतो, कारण परक्याच्या कोडमध्ये वाट सापडली की फ्रेमवर्क पुढे आपोआप कळतं.

गावाची तुलना जिथे होते त्या जागा सापडल्या. त्यातली एक संशयास्पद आहे: दोन नावं थेट तीन बरोबरांच्या चिन्हाने ताडून पाहिलेली.

सकाळी १०.३०

आमच्याकडे नवी आलेली मुलगी अमरावती विद्यापीठाची बीसीए. हुशार आहे, पण अंदाज पटकन बांधते. “दादा, कॅश साफ करून पाहू का?” मी नको म्हणतो. कॅश साफ करून चूक गेली तरी ती का गेली ते कळणार नाही, आणि ती परत येईल तेव्हा आपण पुन्हा इथेच असू. आधी पाहू, मग हात लावू.

पाहायचं साधन एक्सडीबग. डेरिक रेथन्स यांनी ते २००२ मध्ये सुरू केलं आणि आजही तेच सांभाळतात. एखाद्या ओळीवर खूण ठेवायची. प्रोग्राम तिथे थांबतो आणि त्या क्षणी कोणत्या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते सगळं समोर उघडतं. तिच्या संगणकावर ते जोडलं जात नव्हतं, कारण जुन्या धड्यात पोर्ट ९००० दिलेला. २०२० मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून तो ९००३ आहे. ९००० वर पीएचपी-एफपीएमही बसत असे, त्यांची टक्कर टाळायला तो बदलला. जोडणी झाली नाही तर एक्सडीबग वेब पानावर काहीच बोलत नाही, म्हणून मुलं याच जागी हार मानतात आणि पुन्हा जागोजागी एको लिहीत बसतात.

खूण सशर्त ठेवली, नाहीतर प्रत्येक शेतकऱ्यापाशी थांबावं लागलं असतं: खातं अमुक क्रमांकाचं असेल तरच थांब. प्रोग्राम थांबला. डावीकडे दुकानदाराने टाकलेलं गाव, उजवीकडे खात्यातलं गाव. दोन्हीकडे कुऱ्हा, आणि तुलनेचं उत्तर खोटं.

ती पडद्याच्या अगदी जवळ जाऊन पाहते. “दादा, दोन्ही तर सारखेच आहेत.”

सकाळी ११.१५

इथे सगळ्यात जुनं, साधं साधन कामी आलं. प्रिंट-आर नुसता मजकूर छापतो. व्हार-डंप मजकुराआधी त्याची लांबीही छापतो, बाइटमध्ये. दोन्ही नावं व्हार-डंपला दिली. एक १८ भरलं, दुसरं २१. मग बिन-टू-हेक्सने बाइट सुटे करून पाहिले आणि फरक डोळ्यांपुढे आला.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. एका नावात ‘ऱ’ हे युनिकोडमधलं स्वतंत्र अक्षर आहे आणि पुढे हलन्त. त्यात क, उकार, ऱ, हलन्त, ह, काना अशी सहा चिन्हं, म्हणून १८. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यांच्या पाठीमागे डोळ्यांना न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक. चिन्हं सात, बाइट २१. पडद्यावर दोन्हीकडे तोच पापणीसारखा अर्धा र उमटतो. दोन्ही रीती युनिकोडच्या नियमांत बसतात. जोडकाची रीत १९९६ च्या २.० आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून टिकवलेली आहे. दुकानातल्या संगणकावर एक कळफलक, मालकाच्या मुलाच्या फोनवर दुसरा, आणि एकाच गावाची नोंद दोन गावांसारखी झाली.

हे फक्त कुऱ्ह्याचं नाही. वऱ्हाड, शेतकऱ्यांचे, तेल्हाऱ्याचा, बोऱ्हाडे, गोऱ्हे, सगळीकडे तोच र. ज्या अक्षरावाचून आपल्या प्रदेशाचं नाव लिहिता येत नाही, ते शोधता येत नसेल तर ते सॉफ्टवेअर या प्रदेशासाठी तयार झालेलं नाही, असं मी मानतो. मराठीत शोध चालतो का, हे आमच्या क्षेत्रात ‘अकोला’ टाकून तपासतात. ‘अकोला’ कुठेही सापडतं. तपासायचं असेल तर ‘कुऱ्हा’ टाकून तपासावं.

दुपारी १.००

वीज गेली. इन्व्हर्टरवर राउटर आणि दोन लॅपटॉप चालतात, कूलर नाही. ज्वारीची भाकर, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा. जेवतानाच दुकानदारांना निरोप पाठवला की कारण सापडलंय, रात्री दुरुस्ती चढवू, दिवसा नाही.

दुपारी २.००

दुरुस्तीआधी टेस्ट. सेबास्टियन बर्गमन यांचं पीएचपीयुनिट उघडलं आणि आज जे घडलं तेच टेस्टच्या रूपात लिहिलं: कुऱ्हा दोन रीतींनी नोंदवा, एका रीतीने शोधा, दोन्ही खाती मिळाली पाहिजेत. चालवली. लाल. ती लाल आली याचं समाधान वाटतं, कारण आता चूक फोनवरच्या तक्रारीतून निघून आपल्या संगणकावर, हव्या त्या वेळी, पुन्हा घडवता येते.

टेस्टला वेळ कशाला घालवायचा, असं विचारणाऱ्याला मी आमची युरियाची टेस्ट दाखवतो. ४५ किलोच्या गोणीचा भाव सरकारने बांधून दिलेला, कर धरून २६६ रुपये ५० पैसे. ५ टक्के जीएसटी आतून काढला तर मूळ किंमत २५३.८१ येते. त्यावर अडीच-अडीच टक्के केंद्राचा आणि राज्याचा कर वेगवेगळा काढून पैशापर्यंत पूर्ण केला तर प्रत्येकी ६.३५. बेरीज २६६.५१. बांधील भावाच्या वर एक पैसा, प्रत्येक गोणीला, आणि बिलावर दुकानदाराचा शिक्का. म्हणून आमच्याकडे रक्कम पूर्णांक पैशांत राहते, कर वजाबाकीने निघतो आणि उरलेला सुटा पैसा एकाच बाजूला टाकला जातो. पेरणीच्या बियाण्याला कर नाही, खताला ५ टक्के, रासायनिक कीटकनाशकाला १८. तिन्ही एकाच बिलावर आले तरी बेरीज जुळते का, हे ती टेस्ट प्रत्येक बदलानंतर पाहते. पैशाला हात लावणारी एकही ओळ टेस्टविना जाऊ नये, यावर मी तडजोड करत नाही. पानाचा रंग बदलायला टेस्ट नसली तरी चालेल.

आता दुरुस्ती. पीएचपीच्या इंटल विस्तारात नॉर्मलायझर आहे. ‘र’खाली नुक्ता देऊन केलेला ‘ऱ’ तो एकसंध ‘ऱ’मध्ये आणतो. जोडकाच्या रीतीला मात्र तो हात लावत नाही, कारण युनिकोडच्या लेखी त्या दोन रीती समतुल्य नाहीत. तो नियम आपल्यालाच लिहावा लागतो.

“मग सगळेच जोडक काढून टाकू ना,” मुलगी म्हणाली. मी तिला ‘दऱ्या’ हा शब्द जोडकाच्या रीतीने लिहून तो काढायला सांगितलं. पडद्यावर ‘दर्या’ आलं. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला. तिने स्वतःच त्याची टेस्ट लिहिली, आणि नियम असा ठरला: र, हलन्त आणि जोडक असे तिघं लागोपाठ आले तरच त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त. बाकी जोडक जिथे आहेत तिथे राहतील.

तिलाच पुढे सुचलं की ‘ॲग्रो’चंही असंच असणार. खरंच होतं. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीच्या सवयीने लोक ‘अ’वर अर्धचंद्र देतात. दिसायला एकच, बाइट वेगळे, आणि नॉर्मलायझर इथेही गप्प. आमच्या व्यापाऱ्यांच्या यादीत निम्म्या पाट्या ॲग्रोच्या. दुसरी लाल टेस्ट, दुसरा नियम, दोन्ही हिरव्या.

दुपारी ४.००

चूक सुटली, पण ती आली कधी? गिटमध्ये बायसेक्ट आहे. चांगला असलेला जुना बदल आणि बिघडलेला नवा बदल सांगायचा, मग ते दर वेळी मधोमध उडी घेतं. अडीचशे बदलांतूनही आठ तपासण्यांत नेमका बदल हाती येतो, आणि टेस्ट तयार असली तर तपासणी यंत्रच करतं. निघालं असं: पूर्वी गाव यादीतून निवडलं जायचं आणि खात्यात त्याचा क्रमांक साठायचा. फोनवर नोंद पटकन व्हावी म्हणून एका बदलात गाव टाइप करायची सोय झाली आणि तेव्हापासून तुलना क्रमांकाऐवजी नावाने होऊ लागली. सोय खरोखर हवी होती, दुकानदारांनीच मागितली होती, म्हणून ती काढायची नाही. बदलाच्या टिपेत तेवढं कारण नीट लिहिलेलं होतं, त्यामुळे कुणाला फोन करून विचारावं लागलं नाही.

संध्याकाळी ६.००

पीएचपीस्टॅन चालवलं. ते कोड न चालवता वाचतं आणि कुठे मजकुराऐवजी रिकामं मूल्य येऊ शकतं ते सांगतं. एका खात्यात गाव रिकामं असू शकतं हे त्याने दाखवलं, आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तीही टेस्ट घातली. खाली रस्त्यावर बियाण्याच्या पिशव्या लादलेले ऑटो जाताहेत.

रात्री ९.३०

शेवटच्या दुकानाचं बिलिंग थांबल्यावर आधी पूर्ण बॅकअप घेतला, मग त्याच्या प्रतीवर दुरुस्ती चालवून पाहिली, आणि त्यानंतर खऱ्या डेटाबेसवर. शेतकऱ्याने जसं लिहिलं तसं त्याचं नाव आम्ही बदललेलं नाही. बिलावर ते तसंच छापलं जाईल. शोधासाठी शेजारी एक वेगळा रकाना केला, एकरूप केलेलं नाव त्यात राहील.

कुऱ्ह्याची यादी पूर्ण आली, आणि तिच्याबरोबर नवा प्रश्नही. काही नावं आता एकाखाली एक दोनदा दिसतात, एक खातं दुकानातल्या संगणकावर उघडलेलं, दुसरं फोनवर. मुलीने विचारलं, आपोआप जोडून टाकू का? नाही. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, सगळं सारखं असलेली भावकीतली दोन माणसं एकाच गावात असू शकतात, आणि एकाची उधारी दुसऱ्याच्या अंगावर घालायचा अधिकार प्रोग्रामला नाही. दुकानदारांना फोन केला.

“दादा, जोड्या वेगळ्या दाखवल्यात. कोणता माणूस एक आणि कोणते दोन, ते तुम्हालाच सांगावं लागेल.”

“वही हाये ना माह्याजवळ. सकाळी बसून सांगतो, मले साऱ्यांचे बाप माहीत हायेत.”

दोन्ही खाती उघडून, कारण लिहूनच जोडणी करता येईल असं बटण दिलं आहे, आणि चुकून जोडलेलं परत सोडवताही येतं. सोडवल्यावर दोन्ही बाजूंची शिल्लक पैशासकट जुळते का, ती टेस्ट उद्या सकाळी तिने लिहायची आहे, दुकानदार वही घेऊन बसायच्या आधी.