स्वतःच्या ड्रॉइंगवर

गेल्या खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये पूजा झाली. दोन्ही लेथना झेंडूच्या माळा, सीएनसीला हळदकुंकू, पेढे वाटून झाले आणि पोरांनी कोपऱ्यातल्या स्पीकरवर गाणी लावली. तिसरं गाणं 'हम्मा'. भला मोठा ठेका, मध्येच रॅप. मी म्हटलं, "अरे, रेमोचं लाव की, मूळचं." आमचा प्रोग्रॅमर, वय वर्षं तेवीस, मोबाइलवरून मान न काढता म्हणाला, "सर, हे 'ओके जानू'चंच आहे. आणि रेमो तर कोरिओग्राफर ना?"

पेढा तसाच हातात राहिला. त्याची चूक नाही. तो जन्मला तेव्हा रेमो फर्नांडिस नावाच्या माणसाचं सगळं गाजून संपलं होतं. चूक आमच्या पिढीची. आम्ही त्याचं जे लक्षात ठेवायला हवं होतं ते सोडून भलतंच लक्षात ठेवलं.

सुरुवातीचं थोडक्यात सांगतो. जन्म ८ मे १९५३, बार्देशातलं शिवोली. गोवा मुक्त झाला तेव्हा पोरगं आठ वर्षांचं. पुढे मुंबईत जे. जे.मध्ये आर्किटेक्चर केलं, सत्तरचं दशक संपता संपता युरोपात आणि उत्तर आफ्रिकेत लिफ्ट मागत भटकला. या भटकंतीचे किस्से त्याच्या २०२१च्या आत्मचरित्रात सापडतील, हौशींनी वाचावेत. मला त्यात फारसा रस नाही. माझा रेमो सुरू होतो तो घरी परत आल्यावर, १९८४ साली, 'गोवन क्रेझी' या कॅसेटपासून.

ही कॅसेट त्यानं शिवोलीच्या घरी चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर केली. शब्द त्याचे, चाल त्याची, सगळी वाद्यं त्यानंच वाजवलेली, सगळे आवाज त्याचेच, कव्हरही त्यानंच केलेलं. मग पिवळ्या स्कूटरवर माल टाकून गोवाभर दुकानोदुकानी स्वतः पोचवला.

चार ट्रॅकचं मशीन म्हणजे काय, हे आमच्या प्रोग्रॅमरला समजावायला मला अर्धा तास लागला. अरुंद टेपवर चार समांतर पट्टे. एकावर ठेका भरायचा, दुसऱ्यावर बेस, तिसऱ्यावर गिटार. मग ते तिन्ही मिळून चौथ्यावर उतरवायचे. पहिले तीन पट्टे पुन्हा मोकळे, त्यांवर बासरी, आवाज, साथीचे आवाज. पण एकदा चौथ्यावर उतरवल्यावर ठेका जास्त झालाय असं वाटलं तरी कमी करता येत नाही, आणि दर उतरवणीला टेपची सूंऽऽ वाढत जाते. लेथवर हात काळे केलेल्याला हे लगेच कळेल. कट घेतला की घेतला, निघालेली बुरी परत चिकटत नाही. पुढची चार ऑपरेशन्स आधी डोक्यात लागतात. "म्हणजे अनडू नाही?" पोरानं विचारलं. नाही रे बाबा.

मी आकुर्डीला आलो १९८५ साली, आयटीआय करून, अप्रेंटिस म्हणून. एका खोलीत चौघं, कॉटबेसिसवर. त्यातला एक म्हापशाचा. आम्ही त्याला गोवेकरच म्हणायचो. आपल्याकडे एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे सगळा देश कामावर असताना आम्ही लोळत असायचो. अशाच एका गुरुवारी त्यानं टू-इन-वनमध्ये कॅसेट घातली. इंग्रजी माझं ड्रॉइंगवरच्या शब्दांपुरतं, कोकणी अर्धीमुर्धी. तरी काहीतरी निराळं चाललंय हे कळलं. पोर्तुगीज वळणाची गिटार, त्यात रॉकचा ठेका, आणि मध्येच आपली वाटावी अशी बासरी. गोवेकर एकेक ओळ थांबवून अर्थ सांगायचा. टेलिफोनची थट्टा करणारं 'ओड टू ग्रॅहम बेल' ऐकून तर आम्ही गडाबडा लोळलो, कारण म्हापशाला ट्रंक कॉल लावायचा म्हणजे काय, हे चौघांनाही पाठ होतं.

त्या खोलीत पुढची चार-पाच वर्षं रेमोच चालला. १९८५चं 'ओल्ड गोवन गोल्ड', ज्यात जुनी लोकगाणी होती, त्यातलं 'मारिया पिताशे' आम्ही भांडी घासताना म्हणायचो. १९८६चं 'पॅक दॅट स्मॅक' गर्दच्या विरोधात, १९८७चं 'बॉम्बे सिटी'. दर दिवाळीला गोवेकर गावाहून येताना नवी कॅसेट आणायचा आणि आम्ही काजूच्या आधी ती मागायचो.

आणि एक गाणं होतं 'हॅलो राजीव गांधी'. पंतप्रधान गोव्यात आलेले, सरकारी कार्यक्रम, आणि हा पठ्ठ्या समोर उभा राहून त्यांनाच गाण्यातून चार खऱ्या गोष्टी सुनावतो. स्थानिक पुढारी बिथरले. खुद्द राजीव गांधींनी मात्र गाणं आवडल्याचं पत्र पाठवलं. आपल्याकडे स्वतः लिहून, स्वतः चाल लावून, राज्यकर्त्यासमोर उभं राहून सुनावणाऱ्याला शाहीर म्हणतात. रेमोच्या हातात डफ असता तर आपण त्याला शाहीरच म्हटलं असतं. गिटार होती, म्हणून 'पॉपसिंगर' म्हणून मोकळे झालो.

एक जुना हिशेब इथेच चुकता करतो. १९८८च्या गणपतीत मी मंडळात सुचवलं होतं की रात्री आरतीनंतर 'मारिया पिताशे' लावू, पोरं नाचतील. खजिनदार म्हणाले, "चर्चमधली गाणी मांडवात नकोत." गाणं चर्चमधलं नव्हतंच, पण ऐकतो कोण. सात वर्षांनी 'बॉम्बे' आला, हिंदीतलं 'हम्मा हम्मा' रेमोच्या आवाजात घरोघर पोचलं आणि त्याच मांडवात त्याच खजिनदारांनी ते तीनदा लावायला लावलं. मी मुद्दाम जवळ जाऊन सांगितलं, "काका, हा तोच चर्चवाला." त्यांना ऐकूच आलं नाही. आवाज फार होता.

माझं खरं दुखणं त्या 'हम्मा'पाशीच आहे. गाणं झकासच आहे, वाद नाही. पण ते जॉबवर्क होतं. शब्द दुसऱ्याचे, चाल रहमानची, सिनेमा मणिरत्नमचा. रेमोनं आवाज दिला, फिनिशिंग अफलातून केलं आणि माल पार्टीला गेला. सिनेमाशी त्याची ओळख त्याआधीची. १९८५च्या 'त्रिकाल'मध्ये तो होता, १९८७च्या 'जलवा'चं गाणं गायला, पुढे 'खामोशी'तलं 'हुईया हो', १९९८चं 'प्यार तो होना ही था'. त्याच साली 'ओ मेरी मुन्नी' टीव्हीवर दिवसातून दहा वेळा लागायचं. ते त्याचं स्वतःचं, पण मला विचाराल तर 'गोवन क्रेझी'च्या पासंगालाही न पुरणारं. त्याचं नाव घरोघर पोचलं ते नेमकं या काळात. स्कूटरवरचा माल विस्मरणात गेला.

हे मला का टोचतं, ते भोसरीत गाळा असलेल्या कुणालाही विचारा. या पट्ट्यात, पिंपरीपासून चाकणपर्यंत, हजारो गाळ्यांतून रोज लाखो पार्ट निघतात आणि बहुतेकांवर करणाऱ्याचं नाव नसतं. ड्रॉइंग पार्टीचं, बऱ्याचदा मटेरियलही पार्टीचं, आपली फक्त मजुरी आणि रिजेक्शन. १९९३ साली मी एक ड्रिलिंग जिग स्वतःच्या डोक्यानं बनवली. त्याच पार्टला निम्मा वेळ लागायचा. घेऊन गेलो एका मोठ्या कंपनीच्या परचेसवाल्याकडे. त्यानं चहा दिला, जिग उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, "डोकं आमचं, हात तुमचे, एवढंच ठेवा." त्या रात्री परत येताना नाशिक फाट्यावर थांबलो होतो आणि डोक्यात एकच विचार, की शिवोलीचा तो माणूस कुणाला विचारायला गेला नव्हता. त्यानं मशीन घरात आणलं, माल काढला, स्कूटरला किक मारली. ती जिग आजही माझ्या मांडणीवर आहे. मी मात्र अजूनही दुसऱ्याच्या ड्रॉइंगवरच चालतो. तीस वर्षं झाली.

त्यापुढचं मी भराभर सोडतो. २००७ला पद्मश्री मिळाली, उशिरा का होईना. त्याचे पुढचे प्रयोग, त्यातलं संस्कृत मंत्रपठण वगैरे, मला भावले नाहीत. ते ऐकताना कंटाळा आला हे कबूल करायला लाज वाटायची, आता वाटत नाही. मग तो पोर्तुगालचा नागरिक झाला, तिकडे राहायला गेला. त्यावरून जे बोलायचं ते लोक बोलून झाले. ज्यांची स्वतःची मुलं ग्रीन कार्डाच्या रांगेत आहेत त्यांनी तरी बोलू नये, एवढंच माझं म्हणणं. दरम्यान आपल्या मराठीतही स्वतःचं लिहून स्वतः गाणारा संदीप खरे आला, २००३पासून सलील कुलकर्णींबरोबरच्या 'आयुष्यावर बोलू काही'नं सभागृहं भरली, आमच्या चिंचवडचं मोरे प्रेक्षागृहही. मी तिकीट काढून गेलो, आवडलं. पण त्या पिवळ्या स्कूटरचा वारा काही वेगळाच होता.

स्कूटरवरून आठवलं. आकुर्डीच्या ज्या गेटातून चेतक बाहेर पडायची, जिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, ती पेट्रोलवाली केव्हाच बंद झाली. आता आकुर्डीतून पुन्हा चेतक निघते, विजेवरची, आवाज न करता. आणि आमच्या पोरांकडे आज मोबाइलमध्ये चार नाही, हवे तितके ट्रॅक आहेत, फुकट. प्रोग्रॅमरचा मित्र चिखलीत खोलीत बसून गाणी करतो म्हणे. मी ऐकली. आवाज चांगला आहे, पण सगळी गाणी दुसऱ्यांची, तीही तीस सेकंदांची. विचारलं, तुझं एखादं? तर म्हणाला, "काका, ओरिजिनलला व्ह्यूज नसतात."

गोवेकर नोकरी सोडून केव्हाच म्हापशाला परतला. जाताना 'गोवन क्रेझी' माझ्याकडे ठेवून गेला. गेल्या रविवारी काढून पाहिली, टेप धड आहे, कुठे बुरशी नाही. पण माझा टू-इन-वन दोन वर्षांपूर्वी भंगारात गेला आणि चिंचवड स्टेशनच्या आसपास टेप दुरुस्त करणारा एकही उरलेला मला सापडला नाही. आकुर्डी, निगडी, भोसरी, कुठेही, कुणाकडे चालू टेपडेक असेल तर कृपया कळवा. गुरुवारी दुपारी मी रिकामा असतो. कॅसेट घेऊन येईन, आणि प्रोग्रॅमरलाही बरोबर आणेन.