शिकारींतील बक्षीस : मोल कोणतें, प्रसाद कोणता?

जुन्या कागदांच्या संग्रहांत सनदा, महजर व वतनपत्रें यांस जो मान मिळतो तो खर्चाच्या यादीस मिळत नाहीं. शिकारीच्या खर्चाची यादी तर बहुधा रद्दींतच जाते. तथापि रानांत वाट दाखविणाऱ्या माणसाच्या पदरीं काय पडलें, हें सांगणारा पुरावा असलाच तर तो त्या यादींत असतो. कारण त्याच्या नांवें कोणी सनद करून दिलेली नसते. अशी यादी हातीं आल्यास ती कशी वाचावी, आणि 'बक्षीस किती द्यावें' या प्रश्नाचें उत्तर तींतून कसें निघतें, याचें थोडें विवेचन येथें करावयाचें आहे. उदाहरणादाखल कल्याण व भोंवतालचा जुना ठाणें जिल्हा समोर ठेविला आहे.

प्रथम शब्द पाहूं. 'बक्षीस' हा फारसी शब्द. देणें व क्षमा करणें असे दोन्ही अर्थ त्याच्या धातूंत आहेत. 'इनाम' अरबी; त्याचाही अर्थ कृपेचें दान. 'पोस्त' ही सणाची, विशेषतः दिवाळीची, देणगी. 'मजुरी' मात्र श्रमाचें मोल होय. या सर्वांहून निराळी 'वेठ'. संस्कृत 'विष्टि' शब्दापासून ती आली असून फारसींत तिलाच 'बेगार' म्हणतात. म्हणजे मोबदल्यावांचून करून घेतलेलें काम. अर्थात् मोल, प्रसाद व वेठ अशा तीन कोटी झाल्या. यादींतील कलम यांपैकीं कोणत्या कोटींत बसतें, हें ठरविल्यावांचून रकमेस अर्थ नाहीं.

आपल्या प्राचीन ग्रंथकारांस हा भेद ठाऊक होता. कौटिल्यानें विवीताध्यक्षाच्या प्रकरणांत लुब्धक व श्वगणी यांनीं अरण्यांत फिरून चोर व शत्रु यांची सूचना शंख-दुंदुभींनीं द्यावी असें सांगितलें आहे. म्हणजे पारध्याचें रानाविषयींचें ज्ञान राज्याच्या कामीं येई. त्याच ग्रंथांत भृत्यांचीं वेतनें ४८,००० पणांपासून ६० पणांपर्यंत ठरवून दिलेलीं आहेत. वेतन हें ठरलेलें असतें, प्रसाद हा स्वामीच्या इच्छेवर असतो. चालुक्य नृपति सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लासां'त मृगयेचें विस्तृत प्रकरण आहे. मात्र त्याची राजधानी कल्याण म्हणजे बीदर जिल्ह्यांतील बसवकल्याण, आपलें कोंकणांतलें कल्याण नव्हे. नामसादृश्यानें घोटाळा होऊं नये म्हणून हें सांगणें अवश्य वाटतें.

आतां शिकारीचीं माणसें. पहिला खबऱ्या, जनावराची बातमी आणणारा. दुसरा पागी, माग काढणारा. तिसरे मचाण बांधणारे. चौथे झाडांवर बसून जनावर वळविणारे. पांचवे हाकेकरी, जे संख्येनें सर्वांत अधिक. शेवटीं कातडें सोलणारे. ठाणें जिल्ह्यांत अशा कामीं रानाची माहिती असलेले कातकरी, ठाकूर व वारली हेच उपयोगी पडणार. १ मे १८५४ रोजीं आगगाडी ठाण्याहून कल्याणास पोंचली आणि मुंबईकरांस या बाजूचें रान जवळ आलें. जनावरांची संख्या अर्थात् पुढें घटत गेली. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानांत ऐंशीं हजारांहून अधिक वाघ मारले गेले असा महेश रंगराजन यांचा अंदाज आहे.

यादी वाचतांना दोन गोष्टींकडे लक्ष द्यावें. एक, आंकड्यापुढील उभ्या रेघा. '४।' म्हणजे चार रुपये चार आणे, '४॥' म्हणजे साडेचार रुपये, '४॥।' म्हणजे पावणेपांच. नवशिका वाचक या रेघांस विरामचिन्ह समजून सोडून देतो आणि रक्कम चुकते. दुसरी गोष्ट 'गु॥', म्हणजे गुजारत, अमक्याच्या हातून. या दोन खुणांवर सारा अर्थ अवलंबून आहे.

कल्पित उदाहरण घेऊं. हांक्यास साठ माणसें आहेत, व यादींत 'बक्षीस रुपये १०, गु॥ पाटील' असें कलम आहे. दहा रुपयांचे १६० आणे. सारखी वांटणी झाली तर दर माणशीं दोन आणे आठ पै. पाटलानें चौथाई, म्हणजे २॥ रुपये, ठेवून घेतली तर ७॥ रुपये उरले. दर माणशीं नेमके दोन आणे. त्या गांवीं दिवसाची मजुरीच दोन आणे असेल तर धन्याच्या दप्तरीं जें बक्षीस, तें हाकेकऱ्याच्या पदरीं नुसतें मोल झालें. आणि पाटलानें सर्वच ठेविलें तर ती वेठ झाली. कागद एकच, अर्थ तीन. शिकारीवरील जुन्या इंग्रजी पुस्तकांत, हांक्याच्या आरंभीं प्रत्येकास चिठ्ठी द्यावी व संध्याकाळीं चिठ्ठी परत घेऊन पैसे स्वतःच्या हातानें द्यावे, असा उपदेश वारंवार आढळतो, तो याच कारणानें. असल्या चिठ्ठ्या कोणाच्या संग्रहीं असतील तर त्या टाकूं नयेत.

हा भेद केवळ कोशांतला नाहीं. जानेवारी १९४५ मध्यें कल्याण तालुक्यांतील टिटवाळें येथें किसान सभेची परिषद भरली, आणि त्याच वर्षीं गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं उंबरगांव व डहाणू भागांतील वारल्यांनीं जमीनदारांची वेठ करण्याचें नाकारिलें. ज्यांचे श्रम आजवर फुकट घेतले जात, त्यांनीं प्रसाद मागितला नाहीं, मोल मागितलें. १९५० च्या राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमानें बेगार निषिद्ध ठरली.

शिकारही आतां राहिली नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें व त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीनें ती आपल्या देशांत बहुतेक बंद झाली. नामिबिया, दक्षिण आफ्रिका, टांझानिया इत्यादि देशांत मात्र पैसे भरून शिकार करण्याची पद्धत चालू आहे. तेथें मुख्य शिकारी, मागकाढे, कातडें सोलणारे व स्वयंपाकी यांस निरनिराळें बक्षीस देतात. मुख्य शिकाऱ्याचें बक्षीस पुष्कळ लोक खर्चाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास धरतात. परंतु टक्केवारी ही धन्याच्या खर्चाचें माप आहे, श्रमाचें नव्हे.

मग किती द्यावें? जुन्या याद्यांवरून निघणारा न्याय असा : मजुरी आधीं ठरवावी, व ती जनावर मिळो न मिळो, पुरी द्यावी. बक्षीस त्याहून वेगळें. तें जनावराच्या लांबीवर नव्हे, तर मनुष्याच्या कौशल्यावर व त्यानें पत्करलेल्या धोक्यावर ठरवावें. पागी हांक्यांतील साठांत हरवूं नये. आणि पैसे ज्याचे त्याच्या हातीं द्यावे.

हाच न्याय आपणां संशोधकांसही लागू आहे. लोणाडचीं लेणीं, माहुली किंवा मलंगगड पाहावयास जातांना आपण गांवांतला वाटाड्या घेतों; शिलालेखाची जागा पुष्कळदां तोच दाखवितो. त्याची दिवसाची मजुरी बुडते ती आधीं भरून द्यावी, बक्षीस मागाहून. आणि टिपणवहींत लेखाच्या मापाशेजारीं त्याचें नांव व दिलेली रक्कम स्पष्ट नोंदवावी. पुढें कोणी ती वही वाचील, तेव्हां त्याला 'गु॥' कोणाची हें शोधावें लागूं नये.