उसाची भूक

मुंबईकर १८९२ पासून ज्या तानसा तलावाचे पाणी पितात, त्याच्या आसपास उसाचे मळे शोधू नयेत. तो मुलूख भाताचा. ऊस पाहायचा तर घाट ओलांडून प्रवरेकाठी जावे. विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास तेथेच उभा राहिला.

आडसाली ऊस म्हणजे दीड वर्षाचा खादाड पाहुणा! राहुरीच्या कृषी विद्यापीठाने त्याला हेक्टरी ४०० किलो नत्र सांगितले आहे, तेही चार हप्त्यांनी: लागणीला दहा टक्के, सहा-आठ आठवड्यांनी चाळीस, बारा-सोळा आठवड्यांनी दहा आणि उरलेले मोठ्या बांधणीला.

पूर्वी शेतकरी पेंड घालीत. ती सावकाश कुजे. मग अमोनियम सल्फेट आले, त्यात नत्र सुमारे एकवीस टक्के. युरियात सेहेचाळीस, शिवाय तो स्वस्त. साहजिकच त्याने बाजी मारली. पण मातीआड न केलेला युरिया अमोनिया होऊन हवेत उडतो आणि पाटाचे पाणी अति झाले की नायट्रेट होऊन विहिरीत उतरतो. २०१५ साली सरकारने देशी युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा केला, तो त्याला जरा आवर घालण्यासाठीच.

नत्र जास्त झाले की ऊस हिरवागार दिसतो, पण लोळतो, उशिरा पिकतो नि साखर उतारा घटतो. खरी गोम पुढे आहे. दर ठरतो कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर, पैसे मिळतात टनावर. घटलेल्या साखरेचा तोटा साऱ्या सभासदांत वाटला जातो. वाढलेले वजन मात्र ज्याचे त्याच्या पदरात. अशा हिशेबात जादा पोते ओतणाऱ्याला नुसते शहाणपण सांगून काय होणार?